पावसाळ्यात मिस मारणारी जुनी आठशे : प्लग बदलावेत की लीड?

आपली गाडी १९९३ सालची, कार्बोरेटरची मारुती ८०० आहे आणि ती दादरला उघड्यावर उभी असते. जून लागल्यापासून ती सकाळी तीन-चार प्रयत्नांनी सुरू होते, पहिली दहा मिनिटे थरथरते आणि मग सुधारते. मात्र पाऊस सुरू असताना उड्डाणपुलाच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा मिस मारू लागते, म्हणजे एखाद्या सिलिंडरची ठिणगी चुकून इंजिन अडखळते. उभ्या जागी इंजिन ठीक चालते. गॅरेजवाल्याने दोन महिन्यांत दोनदा प्लग बदलले, दोन्ही वेळा चार-आठ दिवस बरे गेले आणि आता तो कार्बोरेटर उघडू म्हणतो. गणपतीला चिपळूणला जायचे असल्यामुळे त्याआधी प्लग आणि त्यांना वीज पोहोचवणाऱ्या रबरी तारा, म्हणजे लीड, घरीच बदलता येतील का, कोणते घ्यावेत आणि काम कसे करावे, असे आपण विचारले आहे.

कार्बोरेटरला तूर्त कोणालाही हात लावू देऊ नये. आपण सांगितलेली लक्षणे जवळजवळ सगळी लीडकडे बोट दाखवतात. प्लग स्वस्त आणि बदलायला सोपा, म्हणून तो पुन्हा पुन्हा बदलला जातो. लीड वरून काळी आणि धडधाकट दिसते, म्हणून ती दहा-दहा वर्षे तशीच राहते. गेली तीस-बत्तीस वर्षे परळ-लालबागच्या बाजूला हेच काम करताना मी पाहिले आहे की मुंबईच्या पावसाळ्यात मिसिंगसाठी येणाऱ्या जुन्या गाड्यांत प्लगपेक्षा लीड आणि डिस्ट्रिब्युटरची (एकेका प्लगकडे पाळीपाळीने वीज पाठवणाऱ्या भागाची) कॅप यांचाच दोष अधिक निघतो.

हे असे का होते ते समजून घेतले तर पुढची सगळी कृती आपोआप अर्थपूर्ण वाटेल. कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टपासून पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार करते. हा विजेचा दाब लीडमधून प्लगपर्यंत जातो आणि प्लगच्या दोन टोकांमधील गॅप ओलांडतो, म्हणजे ठिणगी पडते. गॅप ओलांडायला किती व्होल्ट लागतील, हे गॅपच्या रुंदीवर आणि त्या क्षणी सिलिंडरमध्ये किती दाब आहे यावर ठरते. इंजिन उभ्या जागी चालत असते तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असते, सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते, कॉम्प्रेशनचा दाब कमी राहतो आणि ठिणगी सहज पडते. चढावर पाय दाबला की सिलिंडर पूर्ण भरतो, दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, आणि वीज तेवढे वर चढण्याऐवजी जवळची सोपी वाट शोधते. लीडच्या रबराला केसाएवढी चीर असेल, तिच्यावर समुद्राच्या हवेतील क्षार आणि धूळ यांचा थर असेल आणि तो पावसाने ओला झाला असेल, तर ती सोपी वाट तिथेच तयार असते. वीज प्लगपर्यंत न जाता इंजिनाच्या धातूवर उतरते आणि त्या सिलिंडरमधील पेट्रोल न जळता बाहेर जाते. आठशेला तीनच सिलिंडर असल्यामुळे एक गळाला की तिसरा हिस्सा ताकद जाते, म्हणून हा दोष चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा आपल्या गाडीत जास्त जाणवतो.

यातूनच आपल्या इतर लक्षणांचाही उलगडा होतो. सकाळी स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो, त्यामुळे कॉइलही कमी व्होल्ट देते, आणि त्याच वेळी लीड दमट असते. दहा मिनिटांत इंजिनाच्या उष्णतेने लीड सुकते, म्हणून गाडी सुधारते. नवे प्लग टाकल्यावर चार दिवस बरे गेले, त्याचेही कारण हेच आहे. नव्या प्लगच्या कडा तीक्ष्ण आणि गॅप नेमका असतो, त्यामुळे ठिणगीला कमी व्होल्ट पुरतात आणि लीडमधील गळतीची वाट तेवढ्यापुरती वापरली जात नाही. कडा थोड्या झिजल्या किंवा पावसाची मोठी सर आली की मूळचा दोष पुन्हा वर येतो. दोनदा प्लग बदलून दोनदा थोडा फरक पडला, हीच लीड कमकुवत असल्याची खूण होती. गॅरेजवाल्याने ती उलटी वाचली.

खात्री करण्याचा एक जुना उपाय आहे. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे आणि झाडांवर पाणी मारण्याच्या फवाऱ्याने लीड आणि कॅप यांच्यावर अगदी हलका तुषार सोडावा. लीड फाटलेली असेल तर तिच्यावरून निळ्या बारीक ठिणग्या सरपटताना दिसतात, टकटक असा आवाज येतो आणि इंजिन लगेच अडखळते. या वेळी लीडला हात लावू नये. आठशेचा रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि तो कोणत्याही क्षणी आपोआप फिरू लागतो, म्हणून बाही, ओढणी, गळ्यातील साखळी यांची काळजी घ्यावी. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी चालू इंजिनाच्या लीडजवळ जाऊच नये.

दुसरी तपासणी मल्टीमीटरने होते. लीड काढून तिच्या दोन टोकांमधील रोध मोजावा. कार्बनच्या गाभ्याच्या लीडचा रोध लांबीप्रमाणे काही हजार ओम असतो. लांब लीडचा जास्त, आखूड लीडचा कमी. आकड्यापेक्षा लीडची आपसांतील तुलना महत्त्वाची आहे. एक लीड तिच्या लांबीच्या मानाने इतरांच्या दुप्पट-तिप्पट दाखवत असेल, किंवा मोजताना वाकवली की काटा उडी मारत असेल, तर तिचा गाभा आतून तुटलेला आहे. मात्र मीटर फक्त गाभ्याविषयी सांगतो, वरच्या रबराविषयी काहीही सांगत नाही. मीटरवर उत्तम दिसणारी लीड पावसात गळते, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून तुषाराची परीक्षा अधिक भरवशाची मानावी.

एका गैरसमजाचाही येथेच उल्लेख करतो. प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून, स्टार्टर मारून ‘बघा, करंट येतो आहे’ असे दाखवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. उघड्या हवेत ठिणगी पडायला जेवढे व्होल्ट लागतात, त्याच्या काही पट व्होल्ट कॉम्प्रेशनखाली लागतात. बाहेर पडलेली ठिणगी वीज येते आहे एवढेच सांगते. आत, भाराखाली, ती पडेल याची ग्वाही देत नाही. शिवाय सिलिंडरच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना तिथेच ठिणगी पाडणे धोक्याचे आहे.

आता खरेदीविषयी. प्लगवरील अक्षरे आणि आकडे यांना अर्थ असतो, आणि येथे एक मोठा सापळा आहे. उदाहरणार्थ, एनजीकेच्या बीपी६ईएस या प्लगमध्ये बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे पुढे आलेले टोक, ६ म्हणजे उष्णतेची श्रेणी आणि ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे. मध्ये आर असेल तर प्लगच्या आत रोधक आहे. बॉशच्या डब्ल्यू७डीसी या प्लगचे काम साधारण तेच आहे. परंतु एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकतो, तर बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग ‘गरम’ होतो. एका कंपनीचा ७ गेला म्हणून दुसऱ्या कंपनीचा ७ आणला, तर नेमकी उलट दिशेची चूक होते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला क्रमांक घ्यावा, आणि दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा असल्यास दुकानदाराच्या आठवणीवर न जाता कंपनीच्या तक्त्यावरून जोडी जुळवावी. जुने मिस्त्री अजूनही ‘मायकोचा प्लग’ मागतात. १९५१ साली बंगळुरूला सुरू झालेली मायको कंपनी २००८ पासून बॉश याच नावाने ओळखली जाते, त्यामुळे ते नाव ऐकून गोंधळू नये.

आटे आखूड किंवा लांब असलेला प्लग कदापि घालू नये. लांब आट्यांचा प्लग आत जास्त शिरतो, पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो आणि आत उघड्या राहिलेल्या आट्यांवर कार्बन बसून पुढे निघताना हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, खराब करतो. आखूड प्लगने ठिणगी खोबणीत दडते. इरिडियमचे महाग प्लग जुन्या आठशेला घातले तर बिघडत काही नाही, पण लीड जुन्याच ठेवून ते घालणे म्हणजे फाटक्या चपलेला नवा अंगठा लावण्यासारखे आहे. साधे निकेलचे प्लग आणि चांगल्या लीड, एवढे आपल्या इंजिनाला पुरेसे आहे.

लीडचा सेट चारचा असतो : तीन प्लगच्या आणि एक कॉइलपासून कॅपपर्यंतची. सुटी एक लीड विकत घेऊन काम भागवू नये, कारण चारही एकाच वयाच्या असतात आणि एक गेली की उरलेल्या तिच्या मागोमाग जातात. तीन प्लगच्या लीड बदलून कॉइलची लीड तशीच ठेवणे ही नेहमीची चूक आहे. ती गळाली तर एक नव्हे, तिन्ही सिलिंडर एकदम अडखळतात. ऑपेरा हाऊसच्या आसपासच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या आठशेचे सामान अजून मिळते. बिलाशिवाय घेऊ नये. बनावट प्लगची छपाई बोटाने खरवडली तर निघते, मधले टोक बाजूच्या टोकाच्या बरोबर खाली नसते आणि वायसर इतका सैल असतो की प्लग उलटा धरला तर गळून पडतो. लीड घेताना दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या मऊ आहेत का ते पाहावे. दुकानात वर्षानुवर्षे पडून कडक झालेली ‘नवी’ लीड पहिल्याच उन्हाळ्यात तडकते.

काम सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना आणि पाऊस नसताना करावे. हेड ॲल्युमिनियमचे आहे. गरम असताना प्लग काढला तर आटे प्लगबरोबर ओढले जाण्याची भीती असते. इग्निशन बंद करून चावी खिशात ठेवावी. प्लगचा पाना म्हणजे आत रबर असलेला २१ मिलिमीटरचा सॉकेट, एक एक्स्टेन्शन, रॅचेट किंवा टॉमी, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), सायकलचा पंप, पेट्रोलच्या नळीचा वीतभर जुना तुकडा आणि स्वच्छ फडके, एवढे साहित्य पुरते. पेट्रोलच्या नळीचा उपयोग पुढे सांगतो.

सगळ्या लीड एकदम काढू नयेत, हा या कामातला पहिला नियम आहे. आठशेचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ असा आहे आणि टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला धरतात. पण एका वेळी एकच लीड आणि एकच प्लग हाताळला तर हा क्रम पाठ असण्याची गरजच पडत नाही. लीड काढताना तार ओढू नये. टोपी मुठीत धरून पाव वळसा डावी-उजवीकडे फिरवावी, ती सुटली की सरळ वर ओढावी. जुनी टोपी प्लगच्या चिनी मातीला चिकटलेली असते. तार ओढली तर टोपी तिथेच राहते आणि गाभा हातात येतो. लीड तशीही टाकायची आहे म्हणून येथे हयगय करू नये, कारण प्लगवर अडकलेली टोपी चिमट्याने उपटताना प्लगचा वरचा भाग तडकतो आणि मग पाना नीट बसत नाही.

लीड काढल्यावर प्लग सोडवण्यापूर्वी त्याच्या मुळाशी साचलेली धूळ आणि वाळू सायकलच्या पंपाने उडवून टाकावी. मुंबईत सगळीकडे बांधकामे चालू असल्यामुळे प्लगच्या खोबणीत सिमेंट-वाळूची कणी हमखास सापडते. ती सिलिंडरमध्ये पडली तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये घासत राहते. दोन मिनिटांच्या या कामाला बहुतेक गॅरेजांत फाटा दिला जातो. प्लग पहिल्यांदा अर्धा वळसा सैल करावा, पुन्हा एकदा हवा मारावी आणि मगच पूर्ण काढावा. निघताना अडत असेल तर जोर लावू नये. थोडे भेदक तेल सोडून, किंचित मागे-पुढे फिरवत काढावा.

काढलेले प्लग फेकू नयेत. कागदावर १, २, ३ लिहून त्या क्रमाने ठेवावेत, कारण इंजिनाची प्रकृती सांगणारा याहून स्वस्त अहवाल नाही. टोकावर फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर तो सिलिंडर निरोगी आहे. कोरडी, काजळीसारखी काळी पूड तिन्हींवर असेल तर मिश्रण पेट्रोलचे जड झाले आहे. चोक पूर्ण परत जात नसेल किंवा एअर फिल्टर कोंदलेला असेल. एकाच प्लगवर पेट्रोलचा ओलावा असेल आणि उरलेले दोन कोरडे असतील, तर त्या सिलिंडरची ठिणगी बुडते आहे, आणि आपल्या बाबतीत तो प्लग ज्या लीडला जोडलेला होता तीच गुन्हेगार निघण्याची शक्यता मोठी आहे. तेलकट, चकचकीत काळा थर म्हणजे व्हॉल्व्हच्या सीलमधून किंवा रिंगांवरून तेल आत येते आहे. टोक पांढरे, फोड आल्यासारखे असेल तर तो सिलिंडर फार तापतो आहे. तसे दिसल्यास नुसता प्लग बदलून थांबू नये, कारण शोधावे.

रंग वाचताना एक फरक ध्यानात घ्यावा. आम्ही शिकलो तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे होते आणि उस्ताद ‘चॉकलेटी रंग आला पाहिजे’ असे सांगत. मुंबईसारख्या महानगरांत १९९५ पासून नव्या गाड्यांसाठी शिसेरहित पेट्रोल आले, २००० साली देशभर शिसे बंद झाले, आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. शिसे गेल्यामुळे थर फिकट झाला. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर मिश्रण थोडे हलके पडते आणि प्लग आणखी फिकट दिसतो. आज चॉकलेटी रंग मिळवण्यासाठी कोणी स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवू लागला तर त्याला थांबवावे.

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीकडेही पाहावे. बाहेरच्या भागावर, धातूला लागून असलेली तपकिरी रंगाची कडी पाहून अनेकजण ‘येथून कॉम्प्रेशन लीक होते’ असे म्हणतात. बहुतेक वेळा ती उच्च व्होल्टेजभोवती चिकटलेल्या तेलकट धुळीची खूण असते आणि निरुपद्रवी असते. मात्र वरून खाली गेलेली पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी उभी ओळ दिसली तर वीज चिनी मातीच्या बाहेरून उतरते आहे असे समजावे. तशीच ओळ टोपीच्या आतही उमटलेली असते. ती कार्बनची वाट एकदा तयार झाली की पुसून जात नाही. प्लग नवा घालून टोपी जुनी ठेवली तर नव्या प्लगवरही काही दिवसांत ती ओळ उमटते. आपले दोन महिन्यांतील नवे प्लग या दृष्टीने तपासून पाहावेत. मला ती ओळ सापडण्याची दाट शंका आहे.

चांगल्या स्थितीतील जुने प्लग घासून वापरावेत का, असे कोणी विचारेल. वापरू नयेत. पूर्वी गॅरेजांत वाळूच्या फवाऱ्याने प्लग साफ करण्याचे यंत्र असे. त्यातील वाळूचा कण खोबणीत अडकून पुढे सिलिंडरमध्ये जाई, आणि तारेच्या ब्रशने घासले तर चिनी मातीवर धातूच्या रेघा उमटून विजेला नवी वाट मिळे. साध्या प्लगचे आयुष्य साधारण २०,००० किलोमीटर मानतात, परंतु मुंबईत किलोमीटर मोजून फसगत होते. सायनपासून अंधेरीपर्यंत दीड तास इंजिन चालते आणि किलोमीटर भरतात पंधरा-सोळा. ताशी सरासरी २५ किलोमीटर धरले तर २०,००० किलोमीटरला ८०० तास होतात. मिनिटाला सरासरी १,८०० फेरे धरले तर प्रत्येक प्लग तासाला ५४,००० वेळा पेटतो आणि एकूण सव्वाचार कोटींहून अधिक ठिणग्या पडतात. म्हणून शहरात फिरणाऱ्या गाडीचे प्लग मी १५,००० किलोमीटरलाच बदलतो.

नवा प्लग बसवण्यापूर्वी गॅप मोजावा. खोक्यावर काहीही लिहिलेले असले तरी वाहतुकीत प्लग पडतो आणि बाजूचे टोक दबते. पॉइंटवर (डिस्ट्रिब्युटरमधील उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर) चालणाऱ्या आठशेला ०.७ ते ०.८ मिलिमीटर गॅप योग्य ठरतो. कमी-जास्त करायचा असेल तेव्हा फक्त बाजूचे टोक वाकवावे. मधल्या टोकाला टेकू देऊन उचकटले तर आतली चिनी माती तडकते, आणि ही चीर बाहेरून दिसत नाही. गाडीला सीएनजी किट असेल तर गॅप ०.७ च्या बाजूला ठेवावा. गॅस पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणूनच पेट्रोलवर निमूट चालणारी गाडी गॅसवर टाकताच मिस मारते आणि बिचाऱ्या किटला दोष दिला जातो.

आता पेट्रोलच्या नळीचा उपयोग. नळीचे एक टोक नव्या प्लगच्या डोक्यावर चढवावे, प्लग भोकात टेकवावा आणि नळी बोटांत धरून फिरवावी. आटे सरळ बसले तर प्लग चार-पाच वळसे सहज आत जातो. तिरपे बसले तर नळी प्लगवर घसरते आणि आटे वाचतात. मी नवशिका असताना प्लग थेट पान्यात घालून फिरवला होता. सुरुवातीलाच जड लागले, तरी ‘घट्ट असेल’ म्हणून जोर दिला आणि एका टॅक्सीच्या हेडचे आटे कापून काढले. हेड उतरवून, भोक मोठे करून त्यात नव्या आट्यांचा इन्सर्ट बसवावा लागला आणि टॅक्सीवाल्याचे दोन दिवसांचे उत्पन्न बुडाले. त्या दिवसापासून ही नळी माझ्या खिशात असते.

हाताने पूर्ण बसल्यावर पाना घ्यावा. वायसर नवा असेल तर प्लग टेकल्यानंतर अर्धा ते फार तर दोनतृतीयांश वळसा द्यावा. तोच प्लग पुन्हा घालत असाल तर वायसर आधीच दबलेला असल्यामुळे टेकल्यानंतर एक-बारांश वळसा, म्हणजे घड्याळाच्या काट्याचा एक तास, पुरेसा होतो. टॉर्कचा पाना असेल तर ॲल्युमिनियमच्या हेडसाठी २५ न्यूटन-मीटरच्या आसपास ठेवावा. आट्यांना ग्रीस लावू नये. ग्रीसमुळे पाना हलका लागतो आणि नकळत जास्त आवळले जाते. सैल ठेवणेही तेवढेच वाईट, कारण प्लगची उष्णता आटे आणि वायसर यांच्यातूनच हेडमध्ये उतरते. सैल प्लग लालभडक तापून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू लागतो.

प्लग बसला की त्याच सिलिंडरची जुनी लीड नव्या सेटमधील तेवढ्याच लांबीच्या लीडशी जुळवावी आणि कॅपच्या त्याच घरात, त्याच वाटेने बसवावी. दोन्ही टोकांना ‘टक्’ असे जाणवले पाहिजे. अर्धवट बसलेली लीड कॅपच्या घरात ठिणग्या पाडत राहते आणि तिथे हिरवट-पांढरी बुरशी धरते. सिलिकॉनचे ग्रीस मिळाले तर टोपीच्या आतल्या कडेला अगदी पातळ बोट फिरवावे. पाणी आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी टोपी सहज निघते. मूळच्या क्लिपा टाकून देऊ नयेत. लीड एकमेकींना आणि इंजिनाच्या धातूला न घासता, एक्झॉस्टपासून दूर राहाव्यात, यासाठीच त्या असतात. चारही लीड प्लास्टिकच्या पट्टीने एकत्र आवळून ‘नीटनेटके’ करण्याची हौस काहींना असते. शेजारच्या लीडमध्ये वीज उडण्याला ते आमंत्रण आहे.

एवढे झाल्यावर कॅप उघडलीच पाहिजे, अन्यथा काम अर्धे राहील. दोन क्लिपा सोडवून कॅप उजेडात धरावी. आतल्या घरांच्या मधून गेलेली काळी रेघ, केसासारखी चीर दिसली किंवा मधला कार्बन झिजून स्प्रिंगवर हलत नसेल तर कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर दोन्ही बदलावेत. नुसती बुरशी असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी. रोटरच्या पितळी टोकाला पॉलिश पेपरने घासून घासून आखूड करू नये, कारण तेही एक गॅपच आहे. पॉइंट खड्डे पडलेले असतील तर बदलून ०.४ ते ०.५ मिलिमीटरवर लावावेत. हे काम मात्र टायमिंग तपासण्याची सोय असलेल्या मिस्त्रीकडून करून घ्यावे, कारण पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही सरकते.

पूर्वी पावसाळ्यात पद्मिनी टॅक्सीचे चालक डिस्ट्रिब्युटरवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा दुधाची पिशवी चढवत आणि हिंदमाताच्या पाण्यातून गाडी बाहेर काढत. पाण्यापासून वाचवण्यापुरते ते ठीक होते, पण पिशवीच्या आत वाफ कोंडून दुसऱ्या दिवशी कॅप आतूनच घामेजलेली असे. आपण तसे काही करू नये. रस्त्यात गाडी ओली होऊन बंद पडलीच तर डब्ल्यूडी-४० सारखे पाणी हटवणारे द्रव्य लीडवर आणि कॅपच्या आत मारावे, पुसून काढावे, दोन मिनिटे थांबून वाफ उडू द्यावी आणि मग स्टार्टर मारावा. ही सोय फक्त घरी पोहोचण्यापुरती आहे.

काम संपल्यावर गाडी सुरू करून तुषाराची परीक्षा पुन्हा घ्यावी. इंजिन जराही न अडखळता चालले तर एखाद्या पावसाळी दिवशी उड्डाणपुलाचा तोच चढ वरच्या गिअरमध्ये, पाय दाबून चढून पाहावा. कशेडीच्या घाटात जो भार पडेल त्याची ही लहानशी रंगीत तालीम आहे. जुन्या लीडपैकी मल्टीमीटरवर सर्वांत चांगली आणि सर्वांत लांब लीड, एक जुना पण चालणारा प्लग आणि पाना डिकीत ठेवावा. चिपळूणला पोहोचेपर्यंत त्यांची गरज पडण्याची शक्यता कमी आहे, पण घाटात दुकान नाही.

नव्या लीड, नवे प्लग, तपासलेली कॅप आणि रोटर एवढे झाल्यावरही कोरड्या दिवशी मिसिंग राहिले, तर आधी तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले, तर मात्र गॅरेजवाल्याला कार्बोरेटर उघडू द्यायला माझी हरकत नाही.